बीटचा लाल कॅलस फिकट का पडला, आणि ऊतीसंवर्धनातून रंग काढायचाच तर कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बीटच्या रोपापासून लालभडक कॅलस, म्हणजे प्लेटवर वाढणारा पेशींचा बेशिस्त गोळा, मिळाला. रंग आणखी चढावा म्हणून तुम्ही माध्यमातलं, म्हणजे पेशींच्या खाद्यातलं, नत्र निम्म्याने कमी केलं आणि साखर ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर नेली, कारण तसं केल्याने रंग वाढतो असं वाचलं होतं. तीन आठवड्यांत कॅलसची वाढ थांबली आणि लाल रंग उतरून तो पांढुरका पिवळा झाला. कुठे चुकलं? आणि पुढे यातून खाण्याचा किंवा सौंदर्यप्रसाधनांत वापरण्याजोगा रंग विकण्याइतका निघेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की तुम्ही द्राक्षाचं औषध बीटला दिलंत. दुसऱ्याचं उत्तर: बीटपासून नाही, दुसऱ्या मोजक्या वनस्पतींपासून हो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो ‘माध्यम कुठलं?’ त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. तुम्हाला हवा तो रंग पेशी कुठल्या अवस्थेत असताना बनवते? वाढता वाढता, की वाढ थांबल्यावर? हे कळलं की माध्यम निम्मं आपोआप ठरतं.

द्राक्ष, स्ट्रॉबेरी, काळं गाजर यांचा लाल-जांभळा रंग म्हणजे अँथोसायनिन. त्याची सुरुवात फिनिलअलानिन या अमिनो आम्लापासून होते. पेशी भराभर विभागत असतात तेव्हा हे फिनिलअलानिन प्रथिनं बनवण्यात खर्च होतं. नत्र किंवा स्फुरद संपत आलं, विभाजन मंदावलं, की प्रथिनांची मागणी घटते आणि उरलेलं फिनिलअलानिन रंगाच्या वाटेला लागतं. त्या वाटेवर त्यातलं नत्र अमोनियाच्या रूपाने सुटतं आणि पेशी ते परत वापरते, म्हणजे नत्राच्या दुष्काळात हा रंग बनवणं पेशीला परवडतं. भरपूर साखर असली तर कार्बन हाताशी असतो, शिवाय पेशीवर पाण्याचा ताणही येतो. मॅनिटॉलसारखं, पेशी जवळपास न वापरणारं द्रव्य घातलं तरी द्राक्षाच्या पेशींत रंग चढतो, म्हणजे ताणाचाही वाटा खरा आहे. वर उजेड दिला की या मार्गाची जनुकं जागी होतात. गाजराच्या पेशींत तर नुसतं २,४-डी हे वाढीचं संप्रेरक काढून घेतलं तरी विभाजनाचा जोर ओसरतो आणि रंग दिसू लागतो. तुम्ही वाचलेली युक्ती ही होती, आणि ती तिच्या जागी बरोबर आहे.

बीटचा लाल रंग बेटालेन गटातला आहे. दिसायला सारखा असला तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्याचं अँथोसायनिनशी काही नातं नाही. तो टायरोसिनपासून बनतो आणि त्याच्या रेणूतच नत्र बसलेलं असतं. बीट, राजगिरा, बोगनवेल, निवडुंग ही सगळी बेटालेनवाली मंडळी एकाच गणातली. त्याच गणातलं कार्नेशनचं कुळ मात्र अँथोसायनिन बनवतं. निसर्गात एकाच झाडात दोन्ही रंग मिळून आलेले नाहीत. आता मुद्द्याचं: अत्सुशी कोमामिने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये द्राक्षाच्या आणि फायटोलाकाच्या पेशी शेजारी शेजारी ठेवून तुलना केली. फायटोलाका ही लाल रसाच्या फळांची वनस्पतीही बेटालेनवाली. द्राक्षात विभाजन थांबल्यावर रंग साठतो, तर फायटोलाकात विभाजन चालू असतानाच. तुमच्या बीटचं वागणं याच धाटणीचं आहे. नत्र निम्मं करून तुम्ही तिची वाढही थांबवलीत आणि रंगाचा कच्चा मालही तोडलात. मग जुना रंग विघटित होत गेला आणि नवा बनला नाही.

हाती असलेला रंग नेमका कुठला, याची खात्री दोन मिनिटांत होते. कॅलसचा चिमूटभर तुकडा थोड्या पाण्यात चिरडा, गाळा, तीन नळ्यांत वाटा. एकीत आम्ल टाकून पीएच १ च्या आसपास आणा, दुसरीत बफरने ४.५ करा, तिसरीत थोडा कॉस्टिक सोडा. अँथोसायनिन पहिल्या नळीत लालबुंद, दुसरीत जवळजवळ रंगहीन आणि तिसरीत निळसर-हिरवट होतं. बेटालेन पहिल्या दोन्हीत लालच राहतं आणि तिसरीत पिवळं पडतं. मी अजूनही नवीन लाइन, म्हणजे एकाच तुकड्यापासून चालत आलेला पेशींचा वंश, आली की आधी हे करतो. एकदा बाहेरून आलेल्या कॅलसवर ‘अँथोसायनिन’ अशी चिठ्ठी होती आणि आत बेटालेन निघालं.

वाढ आणि रंग यांची वेळ वेगळी असेल तर काय करायचं, याचा धडा शिकोनिनने घालून दिला. लिथोस्पर्मम एरिथ्रोरायझॉन या जपानी वनस्पतीच्या मुळात हा लाल-जांभळा नॅफ्थोक्विनोन रंग असतो. पारंपरिक औषधात आणि रंगाईत तो शतकानुशतकं वापरात होता. मुळं काढण्याजोगी व्हायला काही वर्षं लागतात आणि तेव्हाही त्यांत कोरड्या वजनाच्या एक-दोन टक्के शिकोनिन असतं. क्योटो विद्यापीठात मामोरू ताबाता यांच्या गटाने या झाडाचा कॅलस केला आणि एक विचित्र गोष्ट दिसली. एका माध्यमावर तो नुसता फोफावायचा आणि पांढरा राहायचा. दुसऱ्यावर, म्हणजे व्हाइट यांच्या जुन्या सौम्य माध्यमावर, वाढ कमी पण लाल. एकेक घटक बदलत त्यांनी दोषी शोधले: अमोनियम, २,४-डी आणि उजेड हे तिन्ही शिकोनिन बंद पाडतात. नायट्रेट आणि थोडं जास्त तांबं ते वाढवतात.

मग मित्सुई पेट्रोकेमिकल या कंपनीने दोन टाक्यांची पद्धत बसवली. पहिल्या टाकीत पेशी फक्त वाढवायच्या, सुमारे नऊ दिवस. त्या गाळून दुसऱ्या, ७५० लिटरच्या टाकीत अमोनियम नसलेल्या माध्यमात अंधारात टाकायच्या, आणखी दोन आठवडे. कोरड्या वजनाच्या १४ टक्क्यांच्या आसपास शिकोनिन. १९८३ साली हे उत्पादन सुरू झालं आणि पाठोपाठ कानेबो कंपनीची लिपस्टिक बाजारात आली. वनस्पतिपेशींपासून व्यापारी पातळीवर मिळवलेलं हे पहिलं दुय्यम द्रव्य, म्हणजे पेशीच्या वाढीला थेट न लागणारं द्रव्य. टाकीच्या आकारापेक्षा मला त्यातली शिस्त महत्त्वाची वाटते. वाढीचं माध्यम आणि रंगाचं माध्यम एकच असलं पाहिजे हा हट्ट त्यांनी सोडला.

याच संशोधनात एक गंमत दडलेली आहे. आगरवर, म्हणजे माध्यम घट्ट करणाऱ्या शेवाळजन्य जेलीवर, चांगला रंग देणारा कॅलस त्याच घटकांच्या पातळ माध्यमात टाकला की पांढरा व्हायचा. घटक तेच, तापमान तेच. शेवटी कळलं की आगरमधली आम्लधर्मी बहुशर्करा स्वतःच पेशीला चिथावत होती. म्हणून प्लेटवरचा रंग फ्लास्कमध्ये येत नाही तेव्हा घाबरू नका, आणि प्लेटवरच्या आकड्यांवरून टाकीचा हिशोबही मांडू नका. आगरचा ब्रँड बदलला तरी फरक पडतो. माझ्याकडे एकदा महिनाभर रंग गेला होता. संप्रेरकं, पाणी, दिव्यांच्या नळ्या सगळं तपासून झालं आणि मग भांडारात नवीन पोत्यातला आगर निघाला.

आता लाइन निवडण्याबद्दल, कारण या कामाचा अर्धा जीव इथे असतो. कॅलस म्हणजे एकसारख्या पेशींचा गोळा नव्हे. स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली तुमची प्लेट ठेवा, खालून आणि बाजूने असा दोन्हीकडून उजेड द्या. तुम्हाला एकाच ढेकळात लाल, नारिंगी, पिवळे, हिरवे आणि पांढरे ठिपके दिसतील. बीटच्या एकाच रोपापासून वेगवेगळ्या रंगांच्या स्थिर लाइन वेगळ्या काढता येतात. चिमट्याने लाल ठिपका उचलताना त्याच्याबरोबर थोडा पांढरा भाग येतोच. तो नव्या पात्याने कापून टाका. तुकडा ३ ते ४ मिलिमीटरचा ठेवा. त्याहून बारीक तुकडा एकटा टिकत नाही, वाळून तपकिरी होतो. मग तो दोन भागांत कापायचा. एक भाग वाढवायला, दुसरा मोजायला. डोळ्यांनी गडद दिसणारा तुकडा प्रत्यक्षात दाट पेशींचा असतो म्हणून गडद दिसतो, असं बरेचदा होतं.

हे एकदा करून थांबायचं नसतं. जपानमध्ये युफोर्बिया मिली या काटेरी शोभेच्या झाडाच्या पेशींवर असं निवडीचं काम २४ वेळा केलं, तेव्हा अँथोसायनिन मूळच्या सुमारे सातपट झालं. चोवीस वेळा म्हणजे अडीचशे-तीनशे दिवस सहज, तेही दर वेळी दहा-बारा दिवसांत सबकल्चर केलं, म्हणजे नव्या माध्यमावर हलवलं, तर. वर्षभर हे नेमाने करणारा माणूस मिळणं हे माध्यमाच्या कुठल्याही कृतीपेक्षा अवघड.

इथे माझी एक चूक सांगतो. गाजराची एक लाइन मी सव्वा वर्ष निवडत गेलो. दर वेळी सगळ्यात गडद तुकडा. शेवटी हातात आली ती वांग्यासारखी काळी-जांभळी लाइन, पाहणारे थक्क व्हायचे. पण ती दुप्पट व्हायला तीन आठवडे घ्यायची. मी नकळत न वाढणाऱ्या पेशी निवडत होतो, कारण अँथोसायनिन न वाढणाऱ्या पेशीतच साठतं! त्याच काळात बाजूला टाकलेली एक मध्यम लाल लाइन होती. हिशोब केला तेव्हा दर लिटरमागे दर दिवशी तिचंच उत्पादन दुपटीहून जास्त निघालं. तेव्हापासून निवडीच्या वहीत ‘किती लाल’ या रकान्याशेजारी ‘किती दिवसांत दुप्पट’ हा रकाना असतो, आणि निर्णय दोन्हींच्या गुणाकारावर होतो.

दुसरी गोष्ट, चांगली लाइन मिळाली की तिची राखीव प्रत लगेच गोठवा. द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ती वर्षानुवर्षं राहते. पेशींची लाइन चालती ठेवणं म्हणजे ती हळूहळू बदलू देणं. गुणसूत्रांत गडबड होते, रंग उतरतो, आणि कधी उतरला ते कळतही नाही. गोठवण्याची सोय नसेल तर निदान दोन वेगळ्या खोल्यांत, दोन वेगळ्या माणसांच्या हाताखाली प्रती ठेवा. एका रात्रीत कूलिंग बंद पडून इन्क्युबेटर ४० अंशांपुढे गेलेला मी पाहिला आहे, आणि त्यात सगळ्या प्रती एकाच कपाटात होत्या.

बीटच्या बाबतीत निर्जंतुकीकरणाचं एक सांगायला हवं. मातीत वाढलेल्या कंदापासून सुरुवात करू नका. कितीही वेळ हायपोक्लोराइटमध्ये बुडवलं तरी आतले जंतू राहतात. बीटचं ‘बी’ही खरं तर अनेक बियांचा खरबरीत गुच्छ असतो आणि त्याच्या खाचांत बुरशी बसते. मी गुच्छ आधी वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवतो, मग अल्कोहोल, मग हायपोक्लोराइट, आणि नंतर निर्जंतुक आगरवर रुजवून निरोगी रोपांच्या बीजदलांखालच्या देठाचे तुकडे घेतो. शंभर गुच्छांतून पंचवीस-तीस स्वच्छ रोपं मिळाली तरी मी समाधानी असतो.

आणि गुलाबी रंगाने हुरळून जाऊ नका. एका विद्यार्थ्याने पांढऱ्या कॅलसवर सुंदर गुलाबी कडा आलेली प्लेट आणून दाखवली. तीन दिवस आमच्याकडे उत्सव होता. चौथ्या दिवशी ती कडा कॅलस सोडून आगरवर पसरायला लागली. ऊतीसंवर्धनात मेथिलोबॅक्टेरियम नावाचे गुलाबी जिवाणू फार सापडतात. ते सावकाश वाढतात, पेशींना लगेच मारत नाहीत, आणि माध्यम गढूळ व्हायला आठवडे घेतात. रोडोटोरुला नावाचं यीस्टही असंच गुलाबी-नारिंगी दिसतं. म्हणून रंगीत तुकडा मिळाला की एक रेघ जिवाणूंच्या पोषक आगरवर ओढून बघायचीच.

आता मोजमाप, म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. पेशींच्या चांगल्या द्रव संवर्धनात लिटरमागे १० ते १५ ग्रॅम कोरडं वजन मिळतं. त्यात एक टक्का रंग धरा, बेटालेनसाठी हा आकडा अजिबात कमी नाही. म्हणजे लिटरमागे १०० ते १५० मिलिग्रॅम, तेही दोन-तीन आठवड्यांनी. एक हजार लिटरच्या टाकीतून एका फेरीत १०० ते १५० ग्रॅम. शेतातल्या एक किलो लाल बीटमध्ये साधारण ३०० ते ६०० मिलिग्रॅम बेटानिन, म्हणजे बीटमधला मुख्य लाल बेटालेन, असतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. तुमची हजार लिटरची निर्जंतुक, हवा भरलेली, ढवळत ठेवलेली, तीन आठवडे चाललेली टाकी म्हणजे फार तर अर्धा टन बीट. ई१६२ या नावाने वापरला जाणारा खाद्यरंग बीटच्या रसातूनच निघतो, आणि निघत राहील. हळदीच्या करक्युमिनचं, शेंद्रीच्या बिक्सिनचं, झेंडूच्या ल्युटीनचं गणितही असंच आहे. जे शेतात टनांनी पिकतं त्याची टाकीत नक्कल करू नये.

मग कुठे करावं? जिथे झाड सावकाश वाढतं, रंग मुळात किंवा सालीत असतो म्हणून काढताना झाड मरतं, जिथे रंगाला औषधी किंवा प्रसाधनी मोल आहे, आणि जिथे पेशी तो रंग मुळापेक्षा जास्त बनवते. शिकोनिन या चारही कसोट्यांना उतरलं. अँथ्राक्विनोन या पिवळ्या-लाल रंगांचा गट हा दुसरा चांगला उमेदवार आहे. बारतोंडीच्या, म्हणजे आलच्या, पेशी द्रव माध्यमात लिटरमागे काही ग्रॅमपर्यंत अँथ्राक्विनोन देतात, हे १९७० च्या दशकातच जर्मनीत दाखवलं गेलं. इथेही ऑक्सिनचा, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाचा, प्रकार निर्णायक ठरतो. २,४-डी दिलं तर पेशी वाढतात पण पांढऱ्या, त्याऐवजी एनएए हे दुसरं ऑक्सिन दिलं की पिवळ्याजर्द. मंजिष्ठेच्या पेशींतून पर्प्युरिन आणि मुंजिस्टिन मिळतात. युरोपीय मंजिष्ठेत मात्र सावध राहा. अलिझरीन या लाल रंगाबरोबर त्यात ल्युसिडिन गटाचे रेणू असतात, जे जनुकांना इजा करतात, आणि जपानने २००४ साली मंजिष्ठेचा खाद्यरंग बंद केला तो याच कारणाने. ‘नैसर्गिक’ या शब्दाने विषशास्त्राच्या चाचण्या टळत नाहीत. पेशींपासून काढलेला रंग कायद्याच्या नजरेत बहुतेक ठिकाणी नवीन पदार्थच ठरतो, त्या झाडाचा रंग शतकानुशतकं खाण्यात असला तरी.

केशराबद्दल मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. केशराचा रंग म्हणजे क्रोसिन, आणि ते फुलाच्या किंजल्कात बनतं आणि तेही ठरावीक अवस्थेत. साध्या कॅलसमध्ये तो मार्ग झोपलेला असतो. अंडाशयाच्या तुकड्यांपासून किंजल्कासारख्या रचना प्लेटवर उगवून आणल्या गेल्या आहेत आणि त्यांत रंगही आला आहे, पण त्या एकेक करून मोजाव्या लागतात, लिटरवर नाही. हाच नियम शेंद्रीला. जो रंग ठरावीक अवयवाच्या ठरावीक पेशीतल्या रंगकणात बनतो, तो बेशिस्त कॅलसकडून मागू नये. म्हणूनच रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, साठणारे, पाण्यात विरघळणारे रंग आपल्या कामाचे आहेत. कॅरोटिनॉइड, म्हणजे केशर-शेंद्रीच्या गटातले रंग, त्यामानाने फार हट्टी.

पातळ माध्यमातल्या अडचणी थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही अजून फ्लास्कपर्यंत पोहोचायचे आहात. जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो, वनस्पतिपेशीला दोन ते पाच दिवस लागतात. त्यामुळे एका जिवाणूने शिरकाव केला की शर्यत संपली. पेशी मोठ्या आणि नाजूक असतात, जोरात ढवळलं तर फुटतात, हळू ढवळलं तर तळाला बसतात आणि घुसमटतात. त्या गठ्ठ्यांनी वाढतात, आणि गठ्ठ्याच्या आतल्या पेशींना वेगळाच प्राणवायू मिळतो, म्हणून एकाच फ्लास्कमध्ये रंग असमान दिसतो. अँथोसायनिनला उजेड लागत असेल तर टाकीत तो देणं हा वेगळाच खर्च. गडद पेशी पहिल्या दोन सेंटिमीटरमध्येच सगळा उजेड पिऊन टाकतात, मागच्यांना अंधार. यावर उपाय म्हणजे अंधारातही रंगणाऱ्या लाइन शोधणं. अरालिया कॉर्डाटा या वनस्पतीच्या बाबतीत तशी लाइन मिळाली आहे. टाकीचा आकार वाढवताच येत नाही असं मात्र नाही. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध ७५,००० लिटरपर्यंतच्या टाक्यांमध्ये वनस्पतिपेशींपासून बनवलं जातं. फक्त त्या औषधाचं मोल कुठे आणि सरबताच्या रंगाचं कुठे!

बीटवरच प्रेम असेल आणि अभ्यासासाठी करायचं असेल, तर कॅलसऐवजी केसाळ मुळांकडे वळा. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम रायझोजेनिस हा जिवाणू रोपाच्या जखमेवर लावला की त्याच्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत जातो आणि तिथून संप्रेरकाशिवाय सुसाट वाढणारी मुळं फुटतात. बीटची अशी मुळं गडद किरमिजी निघतात, वर्षानुवर्षं आपला गुण टिकवतात, कारण ती रचना असलेली ऊती आहे, बेशिस्त गोळा नाही. तोटा एकच पण मोठा: ती गुंता करतात, टाकीतून नमुना काढता येत नाही. मग वाढ मोजायची ती माध्यमाच्या विद्युतवाहकतेवरून. मुळं क्षार शोषून घेतात तशी वाहकता उतरत जाते, आणि उताराचा आलेख वजनाच्या आलेखाशी छान जुळतो. संवर्धन उभं झाल्यावर सेफोटॅक्सिमसारखं प्रतिजैविक देऊन जिवाणू पूर्ण मारायला विसरू नका. नाहीतर महिन्याने तो परत डोकं वर काढतो.

चिथावणी देणारी द्रव्यं, म्हणजे मेथिल जास्मोनेट, कायटोसान, यीस्टचा अर्क, यांच्याकडे मी शेवटी वळतो. १०० मायक्रोमोलर मेथिल जास्मोनेटने अँथ्राक्विनोन किंवा अँथोसायनिन चांगलं उसळतं हे खरं, पण ते ऑटोक्लेव्ह करायचं, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करायचं, नाही. अल्कोहोलमध्ये विरघळवून गाळून घाला, आणि तुलनेसाठी नुसत्या अल्कोहोलचा कंट्रोल फ्लास्क ठेवा. तो न ठेवता निष्कर्ष काढलेले बरेच प्रबंध माझ्या टेबलावरून गेले आहेत. खराब लाइनला चिथावून ती चांगली होत नाही.

रंग बाहेर काढण्याचं काम तुलनेने सोपं, जपायचं काम कठीण. अँथोसायनिन आम्ल घातलेल्या अल्कोहोलमध्ये उतरतं. बेटालेन पाण्यातच, पीएच ५ च्या आसपास, थोडं अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घालून. पेशी चिरडल्याबरोबर त्यांची स्वतःची विकरं (एन्झाइम) रंगावर तुटून पडतात. म्हणून थंड ठेवा, अंधारात ठेवा, लगेच गाळा. शिकोनिन पेशी स्वतःच भिंतीबाहेर टाकते, त्यामुळे ते तेलकट द्रवात सहज उतरतं. रिक्तिकेतले रंग मात्र पेशी मारल्याशिवाय सुटत नाहीत. बीटच्या मुळांना ४२ अंशांचा झटका देऊन किंवा प्राणवायू तोडून थोडा रंग माध्यमात आणता येतो, पण त्यानंतर मुळं पूर्वीसारखी वाढत नाहीत असाच माझा अनुभव. मोजताना बेटानिनसाठी ५३८ नॅनोमीटर, सोबत ४७६ आणि ६०० घ्या, म्हणजे पिवळा भाग आणि गढूळपणा वजा करता येतो. अँथोसायनिनसाठी पीएच १ आणि ४.५ मधला फरक, ५२० आणि ७०० वर. आकडा नेहमी लिटरमागे, दिवसामागे लिहा. ग्रॅममागे लिहिलेला आकडा दिखाऊ असतो.

आणि एक पर्याय, जो कोणी विचारत नाही. तुमचा उद्देश रंगाचा व्यवसाय हा असेल, तर ऊतीसंवर्धनाचा खरा उपयोग रंग बनवण्यात नसून रोपं बनवण्यात असू शकतो. शेंद्री, मंजिष्ठा, नीळ यांच्या बियांपासून आलेल्या झाडांत रंगाचं प्रमाण खूप वरखाली असतं. त्यातलं सर्वात जास्त रंगाचं झाड निवडून त्याच्या कक्षकळ्यांपासून हजारो हुबेहूब रोपं तयार करणं हे तुमच्या आत्ताच्या साधनांत बसतं. टाकी नको, विकरांची भानगड नको, नवीन पदार्थाची परवानगीही नको.

फिकट पडलेल्या प्लेट लगेच टाकू नका. त्यातला तपकिरी न झालेला भाग पूर्ण नत्राच्या एमएस (मुराशिगे-स्कूग) या नेहमीच्या माध्यमावर, साखर ३ टक्के, २,४-डी आधीच्या निम्मं, विभाजन वाढवणारं थोडं बेंझिल अ‍ॅडेनिन, आणि मंद उजेडात ठेवा. दहा-बारा दिवसांनी कडेला लाल ठिपके फुटले तर तेवढेच उचला आणि वर सांगितलं तसं दोन भाग करा. तीन सबकल्चरनंतरही लाल काही दिसलं नाही तर ती लाइन गेली असं समजा आणि नव्या रोपांपासून सुरुवात करा. त्या वेळी सुरुवातीच्या पहिल्या लाल कॅलसचे चार तुकडे मूळ माध्यमावरच राहू द्या, कुठल्याही प्रयोगात न घालता.